थोरली खिंड चढते

“आत्या, आत्ता एक ठोका चुकला का?”

“तुझ्या काळजाचा चुकला असंल.”

“माझ्या नाही. गाडीचा.”

चांगुणाआत्यांनी वर पाहिलं नाही. त्या शेवटच्या मधपेटीच्या कोपऱ्यातली फट मेणानं बुजवत होत्या. अंगठा दाबायचा, फिरवायचा, पुढची फट.

उजाडायला आलं होतं. ट्रक अंगणात नुसता सुरू ठेवला होता. धड… धड… धड… आणि मध्येच एक रिकामी जागा. जिना उतरताना आपण पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तशी.

माझे खांदे उडाले.

आता आत्यांनी पाहिलं. ट्रककडे नाही, माझ्याकडे.

“पुन्हा चुकला,” मी म्हणाले.

“दिसलं.”

“दिसलं?”

“माझे कान तिच्या आवाजाला मुरलेत, पोरी. तिचं दुखणं मला उशिरा कळतं. तुझे खांदे आधी उडतात.”

मी खांदे खाली ओढले. दचकण्याबद्दल आजवर सगळ्यांनी मला एकच सल्ला दिला होता, दचकू नकोस. जणू मी ठरवून दचकते.

“सॉरी.”

“कुणाला? मला का थोरलीला?”

थोरली म्हणजे हा ट्रक. लष्कराच्या लिलावातून आलेला, पेट्रोलवर चालणारा, कार्बोरेटरवाला. असा दुसरा ट्रक मी तरी कुठे पाहिलेला नाही. आत्यांच्या नवऱ्यानं तो लग्नाआधी घेतला होता. “माझ्या आधी घरात आली, म्हणून थोरली,” आत्या सांगायच्या. “तो गेला, आम्ही दोघी उरलो. आता भांडायलाबी कारण नाय.”

मी प्राणिशास्त्र शिकले होते आणि मधमाश्या पाळायला शिकावं म्हणून या वाडीत आले होते. आत्या म्हणाल्या होत्या, माश्या शिकवते, पण थोरलीसकट. माश्या हलवायच्या तर थोरलीशिवाय हलत नाहीत.

त्यांनी बोनेट उघडलं. वाकून, डोळे मिटून ऐकलं. कमरेच्या पिशवीतून मेणाचा गोळा काढला, चिमटीत मळला आणि कार्बोरेटरच्या बुडाशी कुठेतरी दाबून बसवला.

धड धड धड धड.

“आता?”

मी वाट पाहिली. खांदे जागेवर राहिले.

“आता ठीक वाटतंय.”

“मंग चल.”

मेणावर आत्यांचा फार जीव. ती त्या वाडीचीच रीत होती. घाटात केबिनमध्ये एखादी चिडलेली माशी शिरली तर स्टिअरिंग कोण धरणार? म्हणून पेट्या हलवायच्या आदल्या दिवशी सगळीकडे मेण फिरायचं. केबिनच्या फटी, हत्यारांच्या पत्र्याच्या पेटाऱ्याच्या कुलपाचं भोक, भाकरीचा डबा. माशी शिरेल असं काही दिसलं की आत्यांचा अंगठा तिथे पोचलाच. काल त्यांनी माझ्या बुटांच्या नाडीची भोकं बुजवली होती. मला नाडी आवळता येत नव्हती आणि सोडताही येत नव्हती.

“ऊन खिंडीवर यायच्या आत पल्याड उतरायचं,” आत्या केबिनमध्ये चढत म्हणाल्या.

“उशीर झाला तर?”

त्यांनी एकदा मागे वळून पेट्यांकडे पाहिलं.

मागे चार ओळींत पेट्या होत्या. काल संध्याकाळी सगळ्या माश्या घरी परतल्यावर त्यांची दारं जाळीनं बंद केली होती. वाडीतल्या बायकांनी पहाटे त्या वर चढवून दिल्या. खिंडीपलीकडे कांद्याचे डोंगळे फुलले होते आणि बी धरायला शेतकऱ्यांना माश्या हव्या होत्या. गाडी चालती असली की पेट्यांना वारा लागतो. गाडी उन्हात उभी राहिली तर आतल्या माश्या घाबरतात, पंख मारत सुटतात, आणखी तापतात. पुढचं मी पुस्तकात वाचलं होतं. आत्यांनी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या त्याविषयी बोलत नसत.

घाटाच्या पायथ्याशी त्या म्हणाल्या, “थांबव.”

मी थांबवली.

“मी पाऊलवाटेनं जाते. खिंडीतल्या आईला नारळ द्यायचाय. तू सडकेनं ये.”

“एकटी?”

“एकटी कशी? एवढ्या माश्या हायेत की.”

“आत्या, मी घाट कधी एकटीनं…”

“मी शेजारी बसले की तू रस्त्याकडं बघत नाय. माझ्या पायाकडं बघतेस. म्हातारी हवेत ब्रेक दाबती का म्हणून.”

खरं होतं. आत्ताही मी त्यांच्या पायाकडेच बघत होते.

“आणि काही झालं तर?”

“हाळी दे.”

या डोंगरात सगळे हाळीवर जगतात. एका सोंडेवरची बाई दुसऱ्या सोंडेवरच्या बाईला हाळी देऊन विचारते, जेवलीस का, आणि तिकडून कालवण काय केलंय तेही कळतं. माझी हाळी मात्र कुंपणापुढे जायची नाही. एकदा मी गोठ्यामागून आत्यांना हाळी दिली होती. त्या घरातून म्हणाल्या होत्या, “कुणी शिंकलं का गं?”

“मी फोन करीन,” मी म्हणाले.

“कर की.”

लुगड्याचा काष्टा घट्ट करून, भाकरी ओच्यात बांधून, नारळ काखेत मारून त्या करवंदीच्या जाळीत दिसेनाशा झाल्या. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

मी गिअर टाकला.

आणि थोरली चालली! सुरेख चालली. पहिल्या वळणावर मी श्वास रोखला होता, पुढच्या वळणावर सोडला. त्यानंतर मी चक्क काहीतरी गुणगुणायला लागले. मागून माश्या गुणगुणत होत्या. आमचा सूर जमत नव्हता, पण कुणाची तक्रार नव्हती.

मग ती जड झाली.

एकदम नाही. दावणीची म्हैस निघावी आणि दावं ताणलं जावं, तशी. तिला जायचं होतं, पण मागून कुणीतरी धरलं होतं. मी आणखी रेस दिली. जोर वाढायच्या ऐवजी ओसरला. गिअर उतरवला. एक हिसका, एक खोकला, आणि…

शांत.

हँडब्रेक ओढला. उतरले, मागच्या चाकांना दगड लावले. घाईत एक दगड माझ्याच पायावर पडला.

आत्यांना फोन लावला.

फोन वाजला. केबिनमध्ये, सीटवर राहिलेल्या आत्यांच्या हातपिशवीत.

मी इतकी दचकले की खिडकीतून आत घातलेलं कोपर हॉर्नवर आदळलं. थोरली घाटभर ओरडली. त्या आवाजानं मी पुन्हा दचकले.

पिशवीतला फोन वाजून वाजून दमला.

आता हाळीच उरली होती.

“आत्या…”

डोंगरानं ती परतसुद्धा पाठवली नाही.

“आत्याऽ…”

वर खिंडीच्या कड्यावर उन्हाची पिवळी रेघ उमटली होती. मी मागच्या पेटीला कान लावला. आत एकसारखा, संथ हुंकार. अजून ठीक होतं. अजून.

“आत्याऽऽ, गाडी बंद पडलीय…”

काही नाही…

वळणावरून एक मोटारसायकल खाली आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. रोज वाडीवर दूध गोळा करायला येणारे पोपटभाऊ. त्यांनी गाडी थांबवली, थोरलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काय झालं, ताई?”

“चढावर जोर गेला. मग बंद पडली.”

“डिझेलमध्ये हवा धरली असंल.”

“पेट्रोलवर चालते ही.”

“पेट्रोलवर?” त्यांनी थोरलीभोवती एक चक्कर मारली, दुसऱ्याच्या घरचं लग्न बघावं तशी. “मंग कचरा आलाय. कार्बोरेटर खोला.”

“तुम्हाला खोलता येतो?”

“खोलता येतो की.”

“मग…”

“बसवता येत नाही.”

मला हसू आलं. भीतीच्या मध्येच आलं, ठसका लागावा तसं.

“पोपटभाऊ, वर खिंडीत आत्या दिसल्या का?”

“बसल्यात ना. देवीच्या पायरीवर. भाकर खातायत.”

“मी इथून हाळी देतेय. त्यांना ऐकू गेली नसेल.”

“गेली की! मला गेली. मी म्हणलं बी, आत्या, खाली कुणीतरी हाका मारतंय. तर म्हणाल्या…” त्यांनी कॅनची दोरी ताणून पाहिली.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, पाखरू असंल.”

…

“पाखरू?”

“असं म्हणाल्या. माझ्यावर चिडू नका. मागं बसा, सोडतो वर. बोलावून आणा म्हातारीला.”

मी मोटारसायकलच्या मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे बसायचं, डोळे मिटायचे, आत्यांपुढे जाऊन उभं राहायचं. बाकी त्या बघतील.

मागे पेट्या हुंकारत होत्या. उन्हाची रेघ आता रेघ राहिली नव्हती, पट्टा झाली होती.

“नको,” मी म्हणाले. “यांना सोडून कशी येऊ?”

“कुणाला?”

मी पेट्यांकडे बोट दाखवलं. गोणपाटांखालच्या पेट्या माश्यांनी भरलेल्या आहेत हे पोपटभाऊंना तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी मोटारसायकल पायानंच जरा मागे ढकलली, मग आणखी जरा मागे, मग किक मारली.

“जपून बरं का, ताई!” हे वाक्य खालच्या वळणावरून आलं.

मोटारसायकलचा आवाज विरला.

पाखरू! मला राग आला होता. मला राग फार क्वचित येतो, बहुतेक वेळा त्याआधी भीती येऊन जागा अडवून बसते. आज तो आला आणि नेमकं काय करायचं ते न कळून उभा राहिला. मीही उभी राहिले.

बोनेटवर हात ठेवला. उघडावं?

वाडीत आले तेव्हाचा पहिला धडा आठवला. एक पेटी मरगळली होती आणि मी झाकण काढायला धावले होते. आत्यांनी माझी वेणी धरून मागे ओढलं होतं.

“दुखणाऱ्याला आधी उघडं करती का कुणी? दाराशी बस.”

“बसून काय करू?”

“ती सांगंल.”

“किती वेळ बसायचं?”

“हे विचारायचं थांबशील तवर.”

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले, थोरलीच्या समोर. तापलेला पत्रा टक… टक… करत निवत होता. बाकी काही बोलत नव्हती ती. मी थोडा वेळ तिच्या दिव्यांकडे पाहिलं. मग विचारायचं थांबले असावे, कारण मी उठले आणि सहज किल्ली फिरवली.

सुरू झाली.

पहिल्या झटक्यात. जणू काही झालंच नव्हतं.

दगड काढले, निघाले. तीच जुनी थोरली, तोच जोर. पुढचं वळण पार केलं, आणि पुन्हा ते दावं ताणलं गेलं. जड… हिसका… खोकला… शांत.

पुन्हा दगड. या वेळी पायावर पडला नाही.

उभी राहिली की बरी होते. धावली की गुदमरते. कचऱ्यानं अडली असती तर अशी बसल्या बसल्या बरी झाली असती का? प्लग खराब असता तर? हे दमणं काही वेगळंच होतं. अशा गुदमरणाऱ्यांची धास्ती मी सकाळपासून घेऊन चालले होते. कोण…

मी मागे वळून पेट्यांकडे पाहिलं.

बंद पेट्या.

त्यांच्याकडून नजर हळूहळू खाली आली, ट्रकच्या कुशीला लटकलेल्या पेट्रोलच्या टाकीवर. काल संध्याकाळी पेट्रोल भरून टाकीचं झाकण मीच लावलं होतं. त्यानंतर आज सकाळपर्यंत थोरली अंगणातून हललीच नव्हती.

झाकणाला हात घातला. घट्ट होतं. जोर लावून फिरवलं.

सूंऽऽऽ!

टाकीनं असा मोठा श्वास आत ओढला की मी किंचाळून मागे उडी मारली. झाकण हातातून सुटलं आणि घाटाच्या उतारावर घरंगळत निघालं. मी त्याच्यामागे. ते पुढे, मी मागे, ओढणी माझ्याही मागे. अगदी कडेला गवताच्या एका झुपक्यानं त्याला अडवलं. तिथे मी गुडघ्यांवर बसले आणि धापा टाकत ते उचललं.

झाकणाच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होईल तशी त्यातून हवा आत येते. एवढंच त्याचं काम.

त्या भोकावर मेण होतं. छान दाबून, फिरवून बसवलेलं. त्यावर अंगठ्याचा ठसा आणि ठशावर विळ्याची उभी जुनी चीर.

त्या अंगठ्याचा ठसा माझ्या बुटांवरही होता.

मी हसायला लागले. घाटाच्या कडेला, गुडघ्यांवर, एकटी. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. थोरलीला आत्यांनी माशी शिरू नये म्हणून जपलं होतं. इतकं जपलं होतं की बिचारीला श्वासही शिरू दिला नव्हता.

केसांतली पिन काढली आणि भोक मोकळं केलं. मेणाचा तो तुकडा, ठशासकट, जपून भाकरीच्या डब्यात ठेवला. झाकण लावलं, किल्ली फिरवली.

थोरली निघाली ती माहेरी निघाल्यासारखी.

पण पुढे एक उभं, आखूड वळण आहे. तिथे वेग मोडावाच लागतो. मी रेस सोडली आणि माझे खांदे उडाले. एक ठोका चुकला. लगेच दुसरा. सगळा ट्रक थंडी वाजल्यासारखा हुडहुडला आणि बंद पडला.

“आता काय गं?” मी तिला विचारलं. मोठ्यानं विचारलं.

ऊन खाली उतरलं होतं आणि मागच्या ओळीतल्या पेट्यांना लागलं होतं. आतला हुंकार वर चढला होता. मी बाटलीतलं पाणी पेट्यांवरच्या गोणपाटांवर शिंपडलं, घोटभर उरवलं.

हे दुखणं वेगळं होतं. पळताना छान, थांबली की थरथरते. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. हे दुखणं मी ओळखत होते.

बोनेट उघडलं. कार्बोरेटरच्या बुडाशी, आत्यांनी मेण लावलेल्या जागी, आता एक पिवळा ओघळ होता. इंजिन तापलं, मेण वितळून गेलं. मागे एक फट उरली असणार, डोळ्यांना न दिसणारी.

थोरली सुरू केली आणि रेसच्या दांडीला हातानं आधार देऊन ती जेमतेम जागी ठेवली. दुसऱ्या हातानं ओढणीचं ओलं केलेलं टोक कार्बोरेटरच्या बुडाभोवती हळूहळू फिरवलं. डावीकडे थरथर. समोर थरथर. उजवीकडे…

धड धड धड धड.

टोक उचललं, की थरथर. टेकवलं, की धड धड. तिथूनच ती नको ती हवा ओढत होती.

इंजिन बंद करून तिथल्या नटाला ओढणीतून बोट लावलं. नट फिरला! बोटानं! इतक्या वर्षांच्या खडखडाटानं ढिला झाला होता आणि त्याच्यावर मेण लिंपलं जात होतं. पलीकडचाही तसाच. पेटाऱ्यातून पाना काढायला गेले तर कुलपाच्या भोकात मेण. केसांतली पिन पुन्हा कामाला आली.

एक नट इकडून थोडा, एक तिकडून थोडा. गोधडी दोन्ही टोकांनी ताणून धरतात तसं, कुणा एकाकडे जास्त ओढायचं नाही.

किल्ली.

धड धड धड धड धड धड.

मी थोरलीकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यांकडे पाहिलं. डावा. उजवा. दोघेही गप्प बसून ऐकत होते.

मग निघालो. थोरली, माश्या, मी. खिडकीतून वारा येत होता आणि तो मागे पेट्यांवरून जात होता. वळण सरळ झालं की मी मान तिरकी करून मागचा हुंकार ऐकायचे. तो वळणावळणाला खाली बसत गेला. शेवटी सकाळी होता तसा झाला, झोपेत कुणी बोलावं तसा. मी गाणं पुन्हा सुरू केलं. या वेळी शब्दांसकट.

खिंडीखालचं शेवटचं वळण आलं. इथे सगळे जण वेग मोडतात, वर देवीला हात जोडतात आणि मग चढतात. मीही वेग मोडला. रेस पूर्ण सोडून दिली.

धड धड धड धड.

एकही पायरी रिकामी नव्हती.

वर झाडीतून देवळाचा भगवा कपडा दिसत होता. पायरी दिसत नव्हती. पायरीवर कोण आहे तेही नाही.

मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले. श्वास घेतला. कुठपर्यंत गेला कुणास ठाऊक, पण मेण लावलेल्या बुटांपर्यंत नक्की गेला.

“आत्याऽऽऽ! थोरलीच्या नाकात मेण भरलंस तूऽऽऽ!”

समोरच्या डोंगरानं ते उचललं आणि शेजारच्याला दिलं. त्यानं पुढच्याला. भरलंस तूऽऽ… लंस तूऽऽ… तूऽऽ… झाडीतून पाखरांचा अख्खा थवा फडफडत उठला. मी दचकले, आणि मोठ्यानं हसले.

…

…

मग वरून, देवीच्या पायरीवरून, तोंडात भाकरीचा घास असावा असा एक आवाज खाली आला.

“कोण गं तूऽऽ?”